दुर्बीण झकास, पत्रक थापाडं

आधी व्यवहाराचं. ८ इंची आरशाची डॉब्सनियन दुर्बीण (साध्या फिरत्या बैठकीवरची), एका रात्रीचं भाडं १,८०० रुपये, डिपॉझिट १०,०००. दुकान इंदूरच्या राजवाड्यापासून पायी जाता येईल एवढ्यावर. नाव लिहीत नाही, मालकाशी अजून बोलणं आहे.

मी लग्नांचे फोटो काढतो. दुर्बीण हवी होती भाचीला, ती फिजिक्समध्ये एम.एस्सी. करतेय. दुकानाच्या पत्रकावर छापलंय, 'क्वेसार व त्याची दीर्घिका स्वतःच्या डोळ्यांनी पाहा!' दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह, आणि क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या मध्यभागी कृष्णविवराभोवती झगमगणारा ठिपका. ते वाचूनच ती हसली होती.

मार्चअखेरची अमावस्या, जानापाव डोंगराच्या अलीकडे मित्राचं शेत, सोबत पोहे आणि शेव. पहिला तास वाया गेला. प्रत्येक ताऱ्याला शेपूट! आरसे जुळवलेलेच नव्हते. मोठ्या आरशामागचे स्क्रू पिळत बसलो. तारे शोधायला वर लाल ठिपका असतो, त्याचा सेल मेलेला. फोन केला तर मालक म्हणतात, "भिया, सेल तो आपको देखना था."

जुळल्यावर मात्र वा! कन्या राशीतल्या पोरिमाचे दोन तारे स्वच्छ सुटे दिसले. मग भाचीने नकाशा धरून थ्री सी २७३ हा क्वेसार गाठला. तेजाची प्रत १२.९ (आकडा मोठा तितका उजेड कमी), म्हणजे फिकट ठिपका, शेजारच्या ताऱ्यांहून जराही वेगळा नाही. १९६३ साली मार्टिन श्मिट यांनी वर्णपट वाचून हा तारा नव्हे, फार दूरचं काहीतरी आहे हे ओळखलं. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड शेतात उभं राहून बघितला, भाडं तिथेच वसूल.

पण दीर्घिका? छे. समोरून हेडलाइट मारणाऱ्या गाडीचा रंग सांगा बरं. मधल्या कृष्णविवराभोवतीचा तापलेला वायू अख्ख्या दीर्घिकेला झाकून टाकतो. हबल अवकाश दुर्बिणीनेही जवळच्या क्वेसारांच्या दीर्घिका मोठ्या कष्टाने टिपल्या. विश्वाच्या बालपणातल्यांसाठी जेम्स वेब अवकाश दुर्बीण लागली, ६.५ मीटरचा आरसा, तोही अवरक्त प्रकाशात, कारण तिथल्या ताऱ्यांचा उजेड इकडे येईपर्यंत ताणला जाऊन अवरक्त होतो.

दीर्घिका वेगळी काढायची पद्धत भाचीकडून ऐकून माझ्यातला फोटोवाला खूश झाला. त्याच फोटोतला साधा तारा घ्यायचा, तो कॅमेऱ्यात कसा पसरतो ते मोजायचं आणि तेवढीच पसरण क्वेसारच्या ठिपक्यातून वजा करायची. उरते ती दीर्घिका. २०२३ साली असे दोन निकाल छापून आले. सुबारू दुर्बिणीने शोधलेल्या त्या दोन क्वेसारांचा उजेड निघाला तेव्हा विश्व १०० कोटी वर्षांचंही नव्हतं. त्यातल्या जे २२३६+००३२ च्या दीर्घिकेत सुमारे १३ हजार कोटी सूर्यांइतकं ताऱ्यांचं वस्तुमान, आणि कृष्णविवर १४० कोटी सूर्यांचं. "मामा, म्हणजे शंभराला एक. आपल्या आसपासच्या दीर्घिकांत एवढं भारी सहसा नसतं," भाची पोहे खाता खाता म्हणाली.

परत करताना मालकांना पत्रकाबद्दल सांगितलं. "लोग पूछते हैं तो छाप दिया," म्हणाले. डिपॉझिट मात्र पूर्ण दिलं, लगेच.

पाचपैकी साडेतीन. नेणार असाल तर आरसे दुकानातच तपासून घ्या आणि सीआर २०३२ सेल खिशात ठेवा.