‘हात बसी जाई’ म्हणत गळ्यात मारलेली वाकडी गाडी

ज्याला मोटारसायकल धड चालवता येत नाही, त्याला बिघडलेली गाडी विकणं सगळ्यात सोपं. गाडीचा प्रत्येक दोष तो आपल्याच अंगावर घेतो. आमच्या पट्ट्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने माझ्यासोबत नेमकं हेच केलं. दिवाळीनंतर कापूस विकला गेला की खान्देशात घरोघरी पहिली गाडी घ्यायची घाई सुटते, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं लायसन्स नवंकोरं होतं. शिकलो चुलतभावाच्या गाडीवर, तेही शेतरस्त्याने. मग जळगावच्या एमआयडीसीत काम लागलं आणि एरंडोलहून रोज हायवेने जायची वेळ आली. बजेट चाळीस-पंचेचाळीस हजार. मला शंभर सीसीची साधी गाडी हवी होती. अशा गाडीचं वजन एकशे दहा-बारा किलो असतं, दोन्ही पाय जमिनीला टेकतात, ट्रॅफिकमध्ये बंद पडली तरी सावरता येते.

व्यापाऱ्याने आधी मला मुद्दाम साडेतीनशे सीसीच्या धुडावर बसवलं. पाच कमी दोनशे किलो वजन. स्टँडवरून काढतानाच माझी तारांबळ उडाली. तो हसला, आणि मग कोपऱ्यातून ‘तुझ्यासाठीच ठेवलेली’ गाडी काढली. मघाच्या धुडानंतर ती मला फुलासारखी हलकी वाटली यात नवल नाही.

टेस्टला त्याने दुकानामागची काँक्रीटची गल्ली दिली. ‘हायवेवर नको, नवा शे ना तू,’ म्हणजे नवा आहेस ना. ऐकायला काळजीचं वाटतं. गल्लीत तीसच्या पुढे काटा जात नाही, ही त्यातली मेख. हँडल डावीकडे ओढतंय असं मी म्हणालो, तर म्हणे, ‘तू हँडल आवळीसन धरस, हात बसी जाई,’ म्हणजे आवळून धरतोस, सवयीने हात बसेल. तिसरा गिअर निसटला तर ‘क्लच पुरा दाब रे भाऊ.’ शेजारी उभा असलेला मिस्त्रीही मान डोलवत होता. तो रोज तिथेच बसतो हे नंतर कळलं. आणि गाडी आम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलेली होती. थंड इंजिन किती किक मारल्यावर सुरू होतं, पहिला धूर कसला निघतो, हे गिऱ्हाइकाला दिसूच द्यायचं नाही.

गाडी घेतली. हायवेवर पन्नासच्या पुढे गेलं की हँडल थरथरायचं. ट्रक शेजारून गेला की जीव मुठीत. घरचे म्हणायचे नवीन आहे, होतं असं. मीही चाळीसने कडेकडेने जात राहिलो. शेवटी चुलतभाऊ गाडी घेऊन निघाला आणि पाळधीच्या अलीकडूनच परत फिरला. ‘ही गाडी नाही रे, खेकडा आहे. तिरपी चालते.’

गावातल्या मिस्त्रीकाकांनी गाडी डबल स्टँडवर घेतली आणि मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांनी सुतळी ताणून पुढच्या चाकापर्यंत आणली. हँडल सरळ धरलं. एका बाजूला सुतळी टायरला चिकटली, दुसऱ्या बाजूला मधे बोट जाईल इतकी फट, म्हणजे दोन्ही चाकं एका रेषेत नव्हती. मग पुढचं चाक उचलून हँडल एका बोटाने हळूहळू फिरवलं. ते मधोमध अडकायचं, म्हणजे कोनसेट, हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलेला. डावीकडे पूर्ण वळायचं, उजवीकडे कमी, कारण हँडल जिथे अडतं तो चेसिसवरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा, छोटा ठोकळाच चेपलेला होता. समोरून जोरात धडकल्याशिवाय तो चेपत नाही. टाकी उतरवली तर चेसिसच्या मानेवर नव्या काळ्या रंगाखाली वेल्डिंगचा टाका दिसला. काकांनी नखाने रंग खरवडला आणि म्हणाले, ‘ही मान मोडलेली आहे.’

गाडी घेऊन परत गेलो. व्यापारी शांतपणे म्हणाला, ‘नवीन पोरगा आहेस, पाडली असशील कुठेतरी.’ सगळ्या लबाडीत मला हे वाक्य जास्त लागलं. ज्या नवखेपणावर त्याने गाडी खपवली, तोच आता माझ्यावर उलटवला. विकत घेतानाचा फोटो नाही, व्हिडिओ नाही, हातात फक्त एक कच्ची चिठ्ठी. पैसे त्याने रोखच मागितले होते, ‘युपीआयला लिमिट असते भाऊ’ म्हणून.

कागदांचाही घोळ निघाला. आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच. त्याने गाडी नावावर करायचे, मूळ मालकाची सही असलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म दिले होते, पण कर्ज फिटल्याची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म नसेल तर बोजा उतरत नाही, आणि फायनान्सवाल्याच्या संमतीशिवाय नाव चढत नाही. एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला असता तर दोन मिनिटांत दिसलं असतं. ‘आठ दिवसांत एनओसी आणून देतो’ असं कोणी म्हटलं, तर आधी एनओसी, मग पैसे.

आता पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी. स्वतः चालवून ठरवूच नका. रोज हायवेवर चालवणारा कोणीतरी सोबत न्या, आणि मिस्त्री न्यायचा तर आपल्या गावचा. आदल्या दिवशी फोन करून ‘गाडी सुरू करू नका’ सांगा, आणि गेल्यावर आधी सायलेन्सरजवळ हात धरून बघा. साठपर्यंत मोकळ्या रस्त्यावर चालवू देत नसेल तर निघून या. मीटरवर अठरा हजार किलोमीटर आणि ब्रेकचं पेडल घासून गुळगुळीत झालेलं, किंवा उलट, फूटरेस्टचे रबर अगदी कोरे, दोन्ही संशयास्पद. चेसिस नंबर आरसीशी अक्षर अन् अक्षर जुळवा, टाकीखाली टॉर्च मारा आणि हे सगळं पैसे द्यायच्या आधी मोबाइलमध्ये शूट करा. पैसे खात्यातूनच द्या. पक्कं बिल मागितल्यावर ज्याचं तोंड कडू होतं, त्याच्याकडे दुसरी गाडी बघायचीही गरज नाही.

माझी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात गेली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती करावी लागते. पुरावा म्हणून मिस्त्रीकाकांचा लेखी जबाब, वेल्डिंगचे फोटो आणि ती चिठ्ठी जोडली आहे. चिठ्ठीवर त्याने स्वतःच्या हाताने ‘गाडी नॉन-ॲक्सिडेंट’ लिहिलंय. मोठेपणा मिरवायला लिहिलं होतं, आता तेच माझ्या कामी येतंय.