लॅमीची 1.5 निब : पाकिटांवरच्या नावांसाठी

आमच्या बडोद्याच्या घरी लग्नपत्रिका छापून आली तरी पाकिटावरचं नाव हातानंच लिहितात. भाचीच्या लग्नात ते काम माझ्याकडे आलं, तेव्हा फाउंटन पेनला जाड निब घ्यायचं ठरवलं.

दुकानात नुसतं "जाड निब द्या" म्हटलं की ब्रॉड हातात ठेवतात. आपल्याला ती नको. ब्रॉडच्या टोकाला गोल मणी असतो, त्यामुळे रेघ कुठेही वळवा, जाडी तीच. अक्षर फक्त लठ्ठ होतं. बोरूची जाड-बारीक रेघ हवी असेल तर सपाट छाटलेल्या टोकाची निब मागा, स्टब किंवा इटालिक. स्टबचे कोपरे घोटलेले असतात, इटालिकचे धारदार. इटालिकमध्ये जाड-बारीक फरक जास्त खुलतो, पण हात सावकाश चालवावा लागतो.

लॅमी या जर्मन पेन कंपनीच्या सपाट निबा 1.1, 1.5 आणि 1.9 मिमी अशा मिळतात. माझं लॅमीचं सफारी पेन होतंच, म्हणून फक्त निब घेतली. जुन्या निबेवर चिकटपट्टी लावून सरळ पुढे ओढली की ती सुटते, नवी तिथेच सरकवायची.

रुंदी ठरवताना मी अक्षराची उंची बघते. उंची निबेच्या पाचपट धरली की अक्षराची पोटं मोकळी राहतात. म्हणजे 1.1 ला साडेपाच मिमी, वहीच्या ओळीत बसेल असं. 1.5 ला साडेसात, पाकिटासाठी अगदी बरोबर. 1.9 ने याच उंचीत 'लक्ष्मीबाई' लिहा, 'क्ष'ची गाठ शाईने बुजते. ती निब मोठ्या मथळ्यांना ठेवावी.

देवनागरीचा बोरू रोमनच्या उलट तिरका कापतात. ही निब सरळ कापाची, त्यामुळे आडवी टेकवून लिहिलं तर काना जाड आणि शिरोरेषा केसाएवढी येते. मनगट वळवून निब पंचेचाळीस अंशांत तिरकी धरली की दोन्ही सारख्या जाडीच्या येतात आणि 'व', 'ब'ची गोलाई भरदार दिसते. माझं समाधान झालं ते तिथे. 'श्री' तर इतका देखणा येतो की पुढचं नाव लिहायला हात शिवशिवतो.

शाई मात्र भरपूर लागते, कन्व्हर्टर (बाटलीतली शाई ओढून भरायची नळी) लावाच. आणि पाकीट आधी तपासा. आम्ही आणलेल्या खरखरीत हातकागदाच्या पाकिटांवर शाई फुटली, गुळगुळीत जाड कागदावर रेघेची कड स्वच्छ राहिली. शाई वाळेपर्यंत पाकिटं एकावर एक रचू नका, जाड रेघ वाळायला वेळ घेते.

पाकिटं, भेटकार्डं, मानपत्रं लिहिणाऱ्यांनी 1.5 डोळे मिटून घ्यावी. मोडीच्या सरावासाठी मी आता 1.1 मागवते आहे.