लेबलवर ५०० वॅट, १२ व्होल्टवर फक्त २१६ : एसएमपीएसच्या खरेदीतील फसवणूक

असेंबल्ड डेस्कटॉप करून घेताना एका दुकानदाराने मला कोटेशनमध्ये एक एसएमपीएस (संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणारी पेटी) दाखवला आणि कॅबिनेटमध्ये दुसराच बसवून दिला. ही लबाडी लवकर उघडकीस येत नाही, कारण संगणक पहिल्या दिवशी व्यवस्थित सुरू होतो, आणि त्रास सुरू होईपर्यंत घरच्या वायरिंगवर खापर फोडण्याची सोय दुकानदाराला मिळालेली असते. इतरांची अशी फसगत होऊ नये म्हणून सारे तपशिलाने लिहीत आहे.

माझे काम घरूनच ध्वनिमुद्रण आणि व्हिडिओ संपादन करण्याचे आहे. मायक्रोफोन संगणकाजवळच असतो, त्यामुळे पंख्याची घरघर अजिबात चालणार नाही, हे मी दुकानात स्पष्ट सांगितले होते. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि एका नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस या कार्यक्षमतेच्या मानांकनातील ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस, असे कोटेशन मॉडेल क्रमांकांसह व्हॉट्सॲपवर आले. जोडणी करून संगणक घरी पोहोचला तेव्हा मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाची खोकी सोबत होती, एसएमपीएसचे नव्हते. "ते फाटलं होतं, टाकून दिलं, वॉरंटी आमच्याकडेच आहे," असे उत्तर मिळाले. बिलावर "एसएमपीएस, १ नग" एवढेच छापलेले होते. आजकालच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी पत्र्याच्या आवरणाआड बसतो आणि बाजूच्या काचेतून फक्त केबल्स दिसतात. दुकानदाराने नेमका याच आडोशाचा फायदा घेतला.

पंख्याचा आवाज पहिल्यापासूनच जास्त होता, आणि व्हिडिओ रेंडर करायला लावला की संगणक मध्येच बंद पडू लागला. दुकानदाराने आधी अर्थिंगला दोष दिला, मग यूपीएस घ्यायला सुचवले. अखेर ओळखीच्या तंत्रज्ञाने पत्र्याचे आवरण काढले आणि लेबल समोर आले. कंपनीचे नाव कधी न ऐकलेले होते. मोठ्या अक्षरांत "५०० वॅट" होते आणि ८० प्लसच्या चिन्हाशी मिळतेजुळते सोनेरी गोल चिन्ह होते. खाली बारीक अक्षरांतल्या तक्त्यात मात्र १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर लिहिले होते.

व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरूनच घेतात. आरटीएक्स ३०६० ची निर्धारित गरज १७० वॅट आणि प्रोसेसरची ६५ वॅट धरली तरी बेरीज २३५ वर जाते, आणि क्षणिक उसळ्या त्याहून बऱ्याच वर जातात. उरलेले वॅट ५ व्होल्टच्या (३० अँपिअर) आणि ३.३ व्होल्टच्या (२८ अँपिअर) लाइनवर दाखवले होते, जिथे त्यांचा आता फारसा उपयोग नाही. सगळ्या लाइनींची बेरीज केली तरी ती ४७५ च्या पुढे जात नव्हती, म्हणजे ५०० हा आकडा लेबलच्या स्वतःच्या हिशेबातही बसत नव्हता. ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. दुकानात सर्वात आधी हीच एक ओळ वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी खूण मागच्या बाजूला होती. तिथे ११५ आणि २३० व्होल्ट निवडण्याचे लाल बटण होते. ८० प्लसच्या दर्जासाठी पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण) किमान ०.९ लागतो, त्यासाठी तो सुधारणारे ॲक्टिव्ह पीएफसी सर्किट बसवतात, आणि असे सर्किट असलेल्या एसएमपीएसला बहुधा या बटणाची गरजच उरत नाही. लाल बटण आणि ८० प्लसचे चिन्ह एकत्र दिसले, तर चिन्ह खोटे असण्याचीच शक्यता अधिक. तंत्रज्ञाने लोड देऊन मल्टिमीटर लावला तेव्हा १२ व्होल्टची लाइन ११.१ पर्यंत घसरली. एटीएक्स या डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठीच्या मानकानुसार ती ११.४ च्या खाली जाता कामा नये.

आवाजाचे मूळही तिथेच होते. २३५ वॅट पुरवताना ९० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस सुमारे २६ वॅट उष्णतेत घालवतो, तर ७० टक्क्यांचा सुमारे १०० वॅट. ही उष्णता बाहेर टाकायला पंख्याला सतत जोरात फिरावेच लागते. मात्र ८० प्लसचा खरा दर्जाही फक्त कार्यक्षमतेबद्दल बोलतो, शांततेबद्दल नाही. आवाजासाठी सायबेनेटिक्स ही संस्था लॅम्डा नावाचे वेगळे मानांकन देते. त्यात ए प्लस म्हणजे सरासरी १५ ते २० डेसिबल आणि ए म्हणजे २० ते २५. माझ्यासारखे काम असणाऱ्यांनी ब्राँझ की गोल्ड या वादाआधी हे मानांकन पाहावे.

दुकानदाराने पैसे परत करण्यास साफ नकार दिला. तेव्हा व्हॉट्सॲपवरील कोटेशन, बिल आणि लेबलचा फोटो जोडून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर एसएमपीएसची रक्कम परत मिळाली, परंतु वारंवार वीज तुटल्याने खराब झालेल्या हार्ड डिस्कची भरपाई द्यायला तो तयार झाला नाही. कोटेशनमध्ये मॉडेल क्रमांक नसता, तर एवढेही पदरात पडले नसते. म्हणून मॉडेल आणि सिरीअल क्रमांक दोन्ही बिलावर लिहून घ्यावेत, खोके मागून घ्यावे, आणि लेबलवरील बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये दुकानातच तपासावा. क्रमांक टाकल्यावर उत्पादकाचे नाव आणि वस्तूचा प्रकार दिसतो, तो हातातल्या वस्तूशी जुळला पाहिजे.

ज्यांच्या घरी असा संगणक आधीच आला आहे, त्यांनी आवरण काढून लेबल वाचावे, पण एसएमपीएसची पेटी स्वतः उघडू नये. आतील मोठे कपॅसिटर चालू असताना ३२५ व्होल्टच्या आसपास भारित असतात आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ तो भार धरून ठेवतात.