सांबाराच्या जुडीचा नियम कोणी लिहायचा?

आमच्याकडे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी सांबार (म्हणजे कोथिंबीर), पालक, मेथी नाल्यावर धुतात. वरच्या अंगाला गुरं पाण्यात उभी असतात. जुडी चकचकीत दिसते, पण शेणातले जंतू पानांच्या बेचक्यात बसतात. आणि सांबार तर आपण पोह्यांवर कच्चाच भुरभुरतो! २००६चा अन्नसुरक्षा कायदा शेतकऱ्याला त्याच्या शेतातल्या मालापुरता लागूच होत नाही.

मग एक वाट इंडगॅपची, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीच्या भारतीय प्रमाणपत्राची. बाहेरचा तपासनीस, नोंदवही, पाण्याची तपासणी, प्रमाणपत्र. माल मॉलला जात असेल तर जरूर घ्या. पाऊण एकरवाल्याच्या मात्र ते अंगावर येतं.

दुसरी वाट शेतकऱ्यांच्या गटाने स्वतः नियम लिहायची. २००६ मध्ये पालकातल्या ई. कोलाय जंतूमुळे अमेरिकेत माणसं दगावली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या उत्पादकांनी आपणहून नियम बांधून घेतले, पण तपासणी सरकारी माणसांकडे दिली. खरी गोम इथंच आहे. भाटव्याच्या (मेव्हण्याच्या) वाफ्यात ताजं शेणखत दिसलं, तर गटात बोलणार कोण?

माझं मत गटाकडेच. धुवायला तपासलेलं विहिरीचं पाणी, खत पुरतं कुजलेलं, आणि वाफे पाहायला शेजारच्या गावचा माणूस. भाटवा रुसला तर रुसू द्या.