आकडे, कलमं की कोर्ट? देशादेशांतल्या गुन्हेगारीची तुलना करताना नेमकं काय निवडावं

तुलनात्मक फौजदारी कायद्यावर प्रबंध लिहायचा ठरला, की बहुतेक विद्यार्थी आधी देश निवडतात. नॉर्वे आणि अमेरिका, नाहीतर भारत आणि जपान. मग दोन्हीकडचे आकडे गोळा होतात, तक्ता तयार होतो आणि तक्त्याखाली निष्कर्ष येतो. माझ्या मते सुरुवात उलट बाजूने व्हायला हवी. गुन्हे किती घडतात हे तपासायचंय, कायद्याच्या पुस्तकात काय लिहिलंय हे तपासायचंय, की अटकेपासून निकालापर्यंत आरोपीचं काय होतं हे तपासायचंय? या तीन निरनिराळ्या वाटा आहेत आणि एकीला योग्य असलेली देशांची जोडी दुसरीला बहुधा निरुपयोगी ठरते.

आकड्यांची वाट

सगळ्यात सोपी वाटते ती हीच, आणि सगळ्यात जास्त प्रबंध फसतात तेही इथेच. बलात्काराच्या नोंदींचं उदाहरण घ्या. युरोपातल्या तक्त्यांत स्वीडन कायम वरच्या बाजूला दिसतो. तिथे तक्रार आली की लगेच नोंद होते, पुढे तपासात काय निघतं याची वाट पाहिली जात नाही. शिवाय प्रत्येक प्रसंग वेगळा मोजतात. नवऱ्याने वर्षभर दर आठवड्याला जबरदस्ती केली अशी तक्रार एका स्त्रीने केली, तर आकडा एकाने वाढत नाही, पन्नासने वाढतो. त्यात २००५ साली व्याख्या रुंदावली आणि जुलै २०१८पासून संमती नसणं हाच गुन्ह्याचा गाभा मानला गेला.

आता भारत पाहा. २०२४पासून जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधल्या अपवादामुळे सज्ञान पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरतच नाही, म्हणजे स्वीडनमधली ती पन्नास प्रकरणं इथे शून्य होतात. आणि एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग त्यातला सर्वात गंभीर गुन्हाच मोजतो. बलात्कार करून खून केला असेल, तर ते प्रकरण बलात्काराच्या मुख्य आकड्यात येत नाही. जर्मनीची तऱ्हा तिसरीच: पोलिसांचा तपास संपून कागद सरकारी वकिलाकडे गेले, की मग मोजणी.

हे तीन आकडे शेजारी ठेवले तर तक्ता सुबक दिसेल, पण कोणत्या देशात स्त्री अधिक सुरक्षित आहे हे त्यातून अजिबात कळणार नाही. उलट जिथे पोलिसांवर विश्वास वाढतो तिथे तक्रारी वाढतात, आणि आकडा चढणं ही चांगली खूणसुद्धा असू शकते. म्हणून नोंदवलेले लैंगिक गुन्हे, चोऱ्या, मारामाऱ्या यांची देशादेशांत थेट तुलना करू नका असंच मी सांगेन. एकाच देशातली दोन वर्षं ताडून पाहायची असतील, तर त्या काळात व्याख्या बदलली नाही ना, एवढी खात्री करून घ्या.

खुनाचं तसं नाही. मृतदेह लपवणं अवघड असतं, आणि पोलिसांच्या नोंदीशेजारी आरोग्य खात्याची मृत्युनोंदही असते. संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ४ लाख ५८ हजार माणसं हेतुपुरस्सर मारली गेली, म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे ५.८. एल साल्वादोरमध्ये २०१५ साली हाच दर शंभराच्या वर होता आणि जपानमध्ये तो ०.५च्याही खाली असतो. इतकी मोठी दरी केवळ मोजणीच्या पद्धतीतून निर्माण होत नाही, तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

पण इथेही तळटीपा वाचाव्या लागतातच. भारतात २०२२ साली खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदवले गेले. हुंडाबळींचे ६,४५० गुन्हे त्याच अहवालात वेगळ्या रकान्यात आहेत. दुसऱ्या देशात यातली अनेक प्रकरणं सरळ खुनाच्या रकान्यात गेली असती. फक्त पहिला रकाना उचललात, तर त्या मेलेल्या बायका तुमच्या तुलनेतून गायब होतात. इंग्लंड आणि वेल्सच्या आकड्यांत २००२-०३ साली खून एकदम वाढलेले दिसतात, ते हॅरॉल्ड शिपमन या डॉक्टरमुळे. त्याने अनेक वर्षांत मारलेल्या १७२ रुग्णांची नोंद चौकशीनंतर त्या एका वर्षात झाली. तिथे खून घडल्याचं वर्ष नव्हे, पोलिसांनी नोंदवल्याचं वर्ष धरतात. हे माहीत नसलेल्या माणसाने त्या वर्षासाठी बेरोजगारीपासून बंदुकांपर्यंत कोणतंही कारण शोधून काढलं असतं.

खुनाच्या जोडीला पीडितांची सर्वेक्षणं घ्या. यात पोलिसांना न विचारता थेट घराघरांत विचारतात की गेल्या वर्षात तुमच्यासोबत काय घडलं. अमेरिकेत असं राष्ट्रीय सर्वेक्षण १९७३ पासून आहे, इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८२ पासून. १९८९मध्ये अनेक देशांत एकच प्रश्नावली घेऊन आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणही सुरू झालं. पोलिसांपर्यंत न पोचलेला गुन्हा फक्त इथेच दिसतो. तुमच्या निवडलेल्या देशांत असं सर्वेक्षण नसेल, तर गुन्हेगारीच्या प्रमाणावर प्रबंध लिहिण्याचा विचार मी तरी सोडून देईन.

तुरुंगातल्या माणसांच्या संख्येवरून कायदा कडक की सौम्य हे ठरवण्याचा मोहही आवरा. लोकसंख्येच्या मानाने कैद्यांचा भारताचा दर बऱ्याच देशांपेक्षा कमी आहे, पण इथल्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, त्यांना अजून कोणतीही शिक्षा झालेली नाही. त्या दरातून शिक्षेबद्दल जवळजवळ काहीच समजत नाही. समजतं ते जामीन आणि तारखांबद्दल.

कलमांची वाट

कायद्याचा मजकूर ताडून पाहायचा असेल तर दोन प्रकारच्या जोड्या मिळतात. पहिली दोन टोकांची. अंमली पदार्थांबाबत पोर्तुगाल आणि सिंगापूर ही त्यातली ठळक. पोर्तुगालने १ जुलै २००१पासून स्वतःच्या वापरापुरता, म्हणजे दहा दिवस पुरेल इतका साठा बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. पकडलेला माणूस कोर्टाऐवजी एका समितीपुढे जातो. सिंगापूरमध्ये १५ ग्रॅमहून अधिक शुद्ध हेरॉइनच्या तस्करीला फाशी आहे, आणि २ ग्रॅमहून अधिक सापडलं तर ते विकण्यासाठीच होतं असं कायदा गृहीत धरतो. तसं नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं. चर्चेला ही जोडी झकास. प्रबंधाला मात्र अडचणीची, कारण लोकसंख्या, पोलीस, व्यसनमुक्तीच्या सोयी, राजकारण असं सगळंच वेगळं असल्याने कोणता परिणाम कायद्यामुळे झाला हे वेगळं काढता येत नाही.

दुसरी जोडी एकाच मुळाची, आणि माझा कल ठामपणे हिच्याकडे आहे. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली मसुदा दिला, त्यातून १८६०ची भारतीय दंड संहिता आली आणि ती पुढे दूरवर पोचली. सिंगापूर, मलेशिया, श्रीलंका, म्यानमार यांच्या संहिता तिच्यावरूनच बेतल्या गेल्या, आणि पाकिस्तान-बांगलादेशाला ती वारशातच मिळाली. मराठी वाचकाला जुन्या संहितेतलं ३०२ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तोच आकडा सिंगापूर आणि पाकिस्तानच्या संहितेतही खुनाच्या शिक्षेचा आहे.

आणि त्याच कलमाचं पुढे काय झालं ते पाहा. भारतात १९८०च्या बच्चन सिंग निकालाने फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणांपुरती राखून ठेवली, आणि जन्मठेपेच्या कैद्याने खून केल्यास सक्तीची फाशी सांगणारं कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने १९८३मध्ये रद्द केलं. सिंगापूरमध्ये कित्येक दशकं खुनाला फाशी सक्तीचीच होती. २०१३पासून मारण्याचा स्पष्ट हेतू असेल तरच ती सक्तीची राहिली, खुनाच्या बाकी प्रकारांत न्यायाधीशाला जन्मठेपेचाही पर्याय मिळाला. पाकिस्तान तिसऱ्याच दिशेने गेला. १९९०मध्ये किसास (जशास तसा बदला) आणि दियत (रक्तमूल्य) ही इस्लामी कायद्यातली तत्त्वं संहितेत आली आणि मृताचे वारस आरोपीला माफ करू शकतील किंवा रक्तमूल्य घेऊन तडजोड करू शकतील अशी सोय झाली. ज्या घरात भावाने बहिणीला मारलं, तिथे माफी देणारा वारस बहुतेक वेळा त्याच घरातला, आई नाहीतर बाप. त्यामुळे ‘इभ्रती’साठी केलेल्या खुनांना मोकळीक मिळत गेली, आणि २०१६मध्ये कायदा बदलून अशा खुनात वारसांनी माफ केलं तरी जन्मठेप राहील अशी तरतूद करावी लागली.

एकच मजकूर तीन ठिकाणी तीन बाजूंना वळला. खुनात अन्याय नेमका कोणावर होतो, राज्यावर की मृताच्या कुटुंबावर, या प्रश्नाचं उत्तर भारत आणि पाकिस्तानने वेगळं दिलं. मूळ शब्द सारखे असल्यामुळे फरक कुठून सुरू झाला तिथे बोट ठेवता येतं. स्वीडन आणि सिंगापूर घेऊन हे जमणार नाही.

खुनाचा विषय नको असेल तर आत्महत्येच्या प्रयत्नाचं कलम आहे. श्रीलंकेने तो गुन्हा १९९८मध्ये काढला, सिंगापूरने २०२०मध्ये, पाकिस्तानने २०२२मध्ये, मलेशियाने २०२३मध्ये. भारताच्या २०२४पासून लागू झालेल्या नव्या संहितेत सरसकट शिक्षेचं जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही, मात्र सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी असा प्रयत्न करणं हा गुन्हा ठेवलाय. छोट्या प्रबंधासाठी याहून नेटका विषय मला सुचत नाही.

कोर्टाची वाट

जपानमध्ये खटला भरला की ९९ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत दोषसिद्धी होते. हा आकडा अनेकदा पोलीस किती कार्यक्षम आहेत हे दाखवायला वापरतात, आणि ते चूक आहे. तिथले सरकारी वकील गुन्हा सिद्ध होण्याजोगा असतानाही खटला न भरण्याचा निर्णय घेऊ शकतात आणि मोठ्या प्रमाणात घेतात, म्हणजे चाळणी कोर्टाच्या आधीच लागते. शिवाय आरोपपत्राआधी संशयिताला २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं आणि चौकशीच्या खोलीत वकील बसत नाही. इवाओ हाकामादा यांना १९६८मध्ये फाशी सुनावली गेली. ते २०१४मध्ये सुटले आणि सप्टेंबर २०२४मध्ये फेरखटल्यात निर्दोष ठरले. पुरावा तपास यंत्रणेने रचलेला होता असं न्यायालयाने म्हटलं. ९९ टक्क्यांच्या त्या आकड्यात हे प्रकरणही मोजलं गेलेलं होतं, हे विसरू नये.

अमेरिका शेजारी ठेवली की वेगळीच चाळणी दिसते. तिथली ज्यूरी सगळ्यांना ठाऊक असते, पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१२मध्ये नमूद केलं की संघीय न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीतून येतात. कबुली दे, शिक्षा कमी करू, असा सौदा सरकारी वकिलाशी होतो आणि ज्यूरी बसतच नाही. दोन्हीकडे खरी सत्ता सरकारी वकिलाकडे आहे. जपानी वकील प्रकरण सोडून देतो, अमेरिकी वकील सौदा करतो. प्रक्रिया हा तुमचा विषय असेल तर ही जोडी घ्या, आणि तिसरा देश हवा असल्यास जर्मनी, जिथे पुरेसा पुरावा असताना खटला भरणं हे सरकारी वकिलाचं कायदेशीर कर्तव्य आहे, अपवाद असले तरी.

फ्रान्स आणि इंग्लंड ही पाठ्यपुस्तकातली आवडती जोडी मी टाळेन. तपास करणारा फ्रेंच न्यायाधीश तिथल्या प्रकरणांपैकी अगदी मोजक्याच हाताळतो, बाकी सगळं पोलीस आणि सरकारी वकीलच पाहतात. पुस्तकातला फ्रान्स आणि रोजचा फ्रान्स यांत अंतर आहे.

शिक्षेबद्दल एक सावधगिरी. ‘नॉर्वेत जास्तीत जास्त २१ वर्षं’ हे वाक्य अर्धवट आहे. धोकादायक गुन्हेगाराला तिथे वेगळ्या प्रकारची कोठडी देतात आणि ती दर वेळी पाच वर्षांपर्यंत वाढवता येते, प्रसंगी आयुष्यभर. २०११मध्ये ७७ जणांना मारणाऱ्या ब्रेव्हिकला मिळालेली शिक्षा याच प्रकारची आहे. बालगुन्हेगारांवर लिहायचं असेल तर इंग्लंड आणि स्कॉटलंड घ्या: सीमा एक, जबाबदारीचं किमान वय मात्र इकडे १० आणि तिकडे १२. डेन्मार्क तर एकटाच पुरतो. त्याने हे वय २०१०मध्ये १५ वरून १४ केलं आणि २०१२मध्ये परत १५ वर नेलं.

हातात सहा महिने असतील, तर एकाच मुळाची जोडी आणि एकच कलम घ्या. सिंगापूर, पाकिस्तान, भारत यांचे वरिष्ठ न्यायालयांचे निकाल इंग्रजीत मिळतात, मूळ निकालपत्र स्वतः वाचता येतं. जपानवर काम करायचं तर जपानी यायला हवी, नाहीतर तुमचा प्रबंध इतरांच्या सारांशांवर उभा राहील. दोन-तीन वर्षं असतील आणि भाषा शिकायची तयारी असेल, तर जपान-अमेरिका नक्की करा. गुन्हेगारीच्या प्रमाणावरच लिहायचं असेल, तर खून आणि पीडितांचं सर्वेक्षण हे दोन्ही ज्या देशांत उपलब्ध आहेत तेवढेच देश यादीत ठेवा, यादी चारवर आली तरी चालेल, आणि प्रत्येक देशाच्या मोजणीचे नियम पहिल्याच प्रकरणात लिहा.