‘नुरेयेव’ : बोल्शोईच्या वरच्या सज्जातून पाहिलेला बॅले

मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरात ‘नुरेयेव’, नर्तक रुडॉल्फ नुरेयेवच्या आयुष्यावरचा बॅले, आता होत नाही. एप्रिल २०२३ मध्ये तिथले तेव्हाचे महासंचालक व्लादिमीर उरिन यांनी तो प्रयोगांतून काढल्याचं जाहीर केलं. डिसेंबर २०२२ मध्ये रशियातला कायदा आणखी कडक झाला होता. समलिंगी संबंधांचा ‘प्रचार’ कुठल्याच वयाच्या माणसासमोर करायचा नाही, असा. मी हा बॅले त्याच्या बऱ्याच आधी पाहिला. भाचा तेव्हा मॉस्कोत डॉक्टरकी शिकत होता, त्याच्याकडे गेले होते. सांगलीत माझा कथकचा क्लास आहे. तिथल्या मुलींच्या आया अजून विचारतात, “ताई, एवढं बंदी घालण्यासारखं होतं तरी काय त्यात?” त्यांच्यासाठी हे नीट सांगते.

आधी निकाल सांगून टाकते. पहिला अंक पसरट आणि बोलघेवडा आहे. दुसरा अंक मात्र असा आहे की तेवढ्यासाठी मी पुन्हा तेवढा प्रवास करीन. आणि दोन पुरुषांच्या ज्या नाचावरून सगळा गहजब झाला, तो त्या संध्याकाळचा सर्वांत संयमी नाच होता.

रुडॉल्फ नुरेयेव हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. १७ मार्च १९३८ ला सैबेरियातून धावणाऱ्या आगगाडीत त्याचा जन्म झाला. उफा शहरातलं गरीब तातार घर, वडील लाल सैन्यात. १९४५ च्या वर्षअखेरीला आईने एका तिकिटावर सगळी पोरं थिएटरात घुसवली, आणि तिथे पहिला बॅले पाहून या सात वर्षांच्या पोराने नाचायचंच ठरवून टाकलं. वडिलांना ते अजिबात पसंत नव्हतं. लेनिनग्राडच्या नृत्यशाळेत तो पोचला तेव्हा सतरा वर्षांचा होता. तिथे मुलं दहाव्या वर्षी सुरुवात करतात! ती हुकलेली वर्षं त्याने जन्मभर भरून काढली, असं त्याचा नाच पाहताना मला नेहमी वाटतं. जून १९६१ मध्ये पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर सोव्हिएत पहारेकऱ्यांना चुकवून त्याने फ्रेंच पोलिसांकडे आश्रय मागितला. पुढे लंडनमध्ये इंग्रज नर्तकी मार्गो फाँटेनबरोबर गाजलेली जोडी, १९८३ ते १९८९ पॅरिस ऑपेराच्या बॅलेचं संचालकपद, आणि ६ जानेवारी १९९३ ला एड्सने मृत्यू. वय ५४.

आईच्या त्या एका तिकिटाचा प्रसंग बॅलेत नाही. मला तो हवा होता.

दिग्दर्शन आणि नेपथ्य किरील सेरेब्रेनिकोव्ह यांचं, नृत्यरचना युरी पोसोखोव्ह यांची, संगीत इल्या देमुत्स्की यांचं. पहिला प्रयोग ११ जुलै २०१७ ला ठरला होता. तीन दिवस आधी तो रद्द झाला. नाच तयार नाही, असं कारण दिलं गेलं. प्रयोग तीन दिवसांवर आलेला असताना नाच कच्चा दिसतो, हे कुठल्याही नृत्यशिक्षिकेला ठाऊक असतं. तो रंगमंचावरच पिकतो. ऑगस्टमध्ये सेरेब्रेनिकोव्ह यांना सरकारी पैशांच्या अफरातफरीच्या आरोपावरून नजरकैदेत ठेवलं. आरोप त्यांनी नाकारला होता. ९ डिसेंबर २०१७ ला पडदा अखेर उघडला तेव्हा ज्याने हे सगळं उभं केलं तो माणूस घरात कोंडलेला होता, आणि शेवटच्या अभिवादनाला त्याचे सहकारी त्याचा चेहरा छापलेले टी-शर्ट घालून रंगमंचावर आले. पुढच्याच वर्षी बॅलेतला मानाचा ‘बेनुआ द ला दान्स’ पुरस्कार पोसोखोव्ह, देमुत्स्की आणि नुरेयेवची भूमिका करणारे व्लादिस्लाव लांत्रातोव्ह या तिघांना मिळाला.

आता प्रयोगाकडे येते. पडदा उघडतो तो लिलावावर. नुरेयेवच्या मृत्यूनंतर १९९५ मध्ये त्याच्या वस्तूंचे न्यूयॉर्कला आणि लंडनला खरोखरच लिलाव झाले होते. कपडे, चित्रं, जुने गालिचे, नाचून झिजलेले जोडे. रंगमंचावर एक नट लिलाव पुकारतो, आणि एकेका वस्तूतून आयुष्याचा एकेक तुकडा उघडत जातो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा उभ्याने ऐकलेल्या माणसाला तो सूर लगेच ओळखू येईल: मालावर जीव नाही, भावाची घाई. चरित्र सांगायची ही युक्ती मला फार आवडली. जन्म, शाळा, यश, मरण अशी माळ ओवत बसावं लागत नाही. माणूस गेला, त्याचा पसारा उरला, आणि त्या पसाऱ्यातून त्याला परत उभं करायचं.

लेनिनग्राडच्या शाळेचं दृश्य सुरेख आहे. दांड्याला धरून मुलं रोजचा रियाज करतायत आणि मागच्या भिंतीवरची तसबीर बदलत जाते. आधी झार, मग लेनिन, मग स्टालिन. खालचा रियाज तोच. हे बघताना अंगावर काटा आला, कारण नाच शिकवणारीला हेच रोज दिसतं: बाहेर काहीही बदलो, पायांचा तत्कार तोच.

बोल्शोईचा जुना रंगमंच प्रेक्षकांकडे उतरता आहे. सपाट लादीवर चक्कर घेणारीला विचारा, उतरत्या फळ्यांवर गिरकी घेऊन एका जागी थांबणं म्हणजे काय ते. लांत्रातोव्ह थांबतात. आणखी एक गोष्ट मी भाड्याच्या दुर्बिणीतून मुद्दाम पाहिली (ती तिथे कोट ठेवायच्या खोलीतच मिळते, जरूर घ्या). खरा नुरेयेव टाच फार उंच उचलून, जवळजवळ बोटांवर नाचायचा. पुरुषांनी तसं नाचायची तेव्हा रीत नव्हती. त्यामुळे त्याचा पाय लांब दिसायचा, ओळ पूर्ण व्हायची. लांत्रातोव्ह यांनी नक्कल कुठेच केलेली नाही, पण ती टाच तेवढी घेतली आहे. भूमिकेचा अभ्यास म्हणतात तो हा.

पण मग बोलणं सुरू होतं. सरकारी अहवाल वाचले जातात, कोरस देशभक्तीचं गाणं गातो, पॅरिसच्या बागेतली रात्र लांबत जाते, छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडनच्या स्टुडिओत फ्लॅश उडत राहतात. रशियन येत नसेल तर यातलं अर्धं निसटतं. भाच्याने मध्यंतरात समजावून सांगितलं तरी माझं मत बदललं नाही. दिग्दर्शक मूळचा नाटकातला आणि सिनेमातला, नाचावर त्याचा पुरता भरवसा बसलेला नाही, असं पहिल्या अंकात वारंवार जाणवतं.

त्या गर्दीत एरिक ब्रूनबरोबरचं युगुलनृत्य येतं. ब्रून हा डेन्मार्कचा थोर नर्तक, नुरेयेवहून दहा वर्षांनी मोठा. तो आधी नुरेयेवचा आदर्श होता, मग प्रियकर झाला. वाद झाला तो यावरून. काय आहे त्यात? दोन पुरुष समोरासमोर. एकाने केलेली हालचाल दुसरा उचलतो, थोडी वाढवून परत देतो. स्पर्श अगदी मोजका. दोन नर्तक एकमेकांच्या कामावर आधी भाळले आणि मग एकमेकांवर, हे इतक्या स्वच्छपणे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आमच्या क्लासमधल्या कुठल्याही आईशेजारी बसून मी हा नाच बघेन. हाच भाग मोठ्यांनीसुद्धा बघू नये असं एखाद्या सरकारला वाटतं, याचा मला मनापासून राग येतो.

दुसऱ्या अंकात नाच मोकळा होतो. नुरेयेवने ज्यांना घडवलं त्या पॅरिसच्या नर्तकांची, शार्ल जूद, लोराँ इलेर, मान्युएल लग्री यांची पत्रं वाचली जातात, आणि त्यावर एकटा शिष्य नाचतो. तसंच अल्ला ओसिपेंको आणि नतालिया माकारोव्हा या दोघी रशियन नर्तकींच्या पत्रांवर एक नर्तकी नाचते. इथेही शब्द आहेतच, पण इथे ते तबल्याच्या ठेक्यासारखे खाली राहतात आणि वर शरीर बोलतं. गुरू गेल्यावर शिष्याच्या अंगात काय उरतं? मान वळवायची एक लकब, हात सोडायची एक पद्धत. शिष्याच्या त्या नाचात ते उरलेलं सगळं दिसतं. माझ्या गुरू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. मी त्या दहा मिनिटांत रडले.

माझी जागा वरच्या सज्जात, कडेला होती. तिथून रंगमंचाचा एक कोपरा दिसतच नाही. तिकीट घेताना हे लक्षात ठेवा. पण खालचा वाद्यवृंदाचा खड्डा मात्र सगळा दिसतो, आणि शेवटच्या प्रवेशात त्याचंच सोनं झालं. नुरेयेवने अखेरच्या वर्षांत, अंग साथ देईना तेव्हा, वाद्यवृंदाचं संचालन शिकून घेतलं होतं. शेवटचं काम म्हणून ऑक्टोबर १९९२ मध्ये त्याने पॅरिसमध्ये ‘ला बायादेर’ बसवला. १८७७ चा हा बॅले आपल्या देशातल्या देवळातल्या नर्तकीचा आहे, रशियन लोकांनी मनाने रचलेल्या हिंदुस्थानातला. त्यात मेलेल्या नर्तकींच्या सावल्या एकामागून एक उतारावरून खाली येतात. प्रत्येकीचा एक पाय मागे ताणलेला, प्रत्येकीचा तोच एक पदन्यास. बोल्शोईत त्या सावल्या उतरू लागतात, आणि पांढरा फेटा बांधलेला आजारी नुरेयेव रंगमंच सोडून खड्ड्यात जातो, छडी हातात घेतो. खालच्या मंडळींना त्याची पाठ आणि फेटा दिसत असेल. मला त्याचे हात दिसत होते. सुरुवातीला ते अदबशीर, जेवढ्यास तेवढे चालतात. मग कोपर उचललं जातं, मग खांदा, आणि थोड्या वेळाने तो माणूस छडीने पुन्हा नाचायलाच लागलेला असतो, फक्त कमरेच्या वर. पाय गेले तर हातांनी, पण नाचणं थांबवायचं नाही.

माझी दुसरी तक्रार इथेच आहे. नुरेयेवचा उतार बॅलेने फार देखणा केला आहे. प्रत्यक्षात १९९१ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात, अंग थकलेलं असताना तो नाचला आणि लोकांनी पैसे परत मागितले. तरी तो पुढच्या गावी नाचला. या जिद्दीला, किंवा हट्टाला, बॅलेने दिलेला वेळ मला कमी वाटला. आम्हा सांगलीकरांना हे कळतं. पलूस तालुक्यातलं नागठाणे हे बालगंधर्वांचं गाव. पोटची मुलगी गेली त्या दिवशी, १२ मार्च १९११ ला, त्यांनी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग केला, आणि पुढे वय झालं, अंग सुटलं तरी शालू नेसून ते उभे राहतच गेले. गायिका गोहरबाईंशी असलेल्या संबंधावरून लोकांनी त्यांना काय कमी छळलं? चरित्र मांडताना आपणही गायकीचं वैभव तासभर दाखवतो आणि हा भाग उरकून टाकतो. तो उरकायचा नसतो.

आजाराबद्दल मात्र बॅले लपवाछपवी करत नाही, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. नव्वदच्या दशकात आमच्या जिल्ह्यात एड्सने माणसं जात होती. आमच्या गल्लीतल्या एका ट्रक ड्रायव्हरच्या घरच्यांनी शेवटपर्यंत टीबीच सांगितला. एका दवाखान्यात त्याला कुणी हात लावेना. नुरेयेव गेला त्याच्या आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, सांगलीत ‘संग्राम’ संस्थेने वेश्यावस्तीतल्या बायकांबरोबर काम सुरू केलं. त्या बायकांनी आजार, शरीर, निरोध हे शब्द आमच्या शहरात मोठ्याने बोलायला लावले. नुरेयेवने स्वतःचा आजार जगापासून लपवला होता. बोल्शोईसारख्या ठिकाणी तोच नुरेयेव खोकत, थरथरत रंगमंचावर आला आणि भरलेल्या थिएटरने त्याला उभं राहून मान दिला, ही मोठी गोष्ट आहे.

माझ्या क्लासमध्ये मुलगे सातवीनंतर टिकत नाहीत. “पोरगा बायकी होईल” हे वडिलांनी म्हटलेलं मी कित्येकदा ऐकलंय. अशा घरी मी आता नुरेयेवच्याच जुन्या चित्रफिती दाखवते. बोल्शोईचा बॅले पाहणं आपल्या हातात नाही, पण खुद्द तो नाचलेला पाहता येतो. ‘कोर्सेअर’ या बॅलेमधला फाँटेनबरोबरचा त्याचा नाच शोधा, १९६० च्या दशकातला. मोबाइलवर नको, टीव्हीला जोडून लावा. पहिल्या खेपेला उड्या मोजू नका, टाचा बघा. दुसऱ्या खेपेला तो फाँटेनला सावरतो तेव्हाचे हात बघा. घरात मुलगा असेल तर त्यालाही शेजारी बसवा, आणि वडिलांनाही.