इंटरनेट बंद असताना पैसे पाठवणारी *९९# सेवा

चहाच्या टपरीपासून भाजीवालीच्या पाटीपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड आले आणि आपण पाकिटात रोकड बाळगणे जवळजवळ सोडून दिले. परिणामी मोबाइलचे इंटरनेट गेले की खात्यात पैसे असूनही दहा रुपयांचा चहा घेता येत नाही. अशा वेळी उपयोगी पडणारी *९९# ही सेवा २०१४ पासून देशभर उपलब्ध असूनही फारच थोड्या लोकांना माहीत आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बँकेत नोंदवलेल्या क्रमांकावरून *९९# डायल केले की पडद्यावर साधी यादी उमटते. साधा बटणांचा फोनही चालतो, डेटा लागत नाही आणि मराठीसह अनेक भाषांची सोय आहे. घाटातल्या गावात, जिथे बोलण्यापुरती रेंज असते पण इंटरनेटचे चक्र नुसतेच फिरत राहते, तिथे मी दुकानदाराचा मोबाइल क्रमांक टाकून किराण्याचे पैसे दिले आणि ते लगेच जमा झाले. एका व्यवहारात ५,००० रुपयांपर्यंत रक्कम पाठवता येते आणि अडीअडचणीला तेवढी पुरते.

उणिवा मात्र गंभीर आहेत. क्यूआर कोड इथे स्कॅन करता येत नाही, त्यामुळे समोरच्याला क्रमांक विचारावाच लागतो. उत्तर द्यायला थोडा उशीर झाला की चौकट नाहीशी होते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. पिन टाकताना आकडे उघडे दिसतात, ही तर गर्दीच्या ठिकाणी सरळसरळ धोक्याची गोष्ट आहे. शिवाय ही सेवा आपल्या फोनपुरतीच इंटरनेटवाचून चालते. बँकेची आणि यूपीआयची मूळ यंत्रणा बंद पडली, जशी ती २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी विस्कळीत झाली होती, तर *९९# वरही भिस्त ठेवता येणार नाही. त्या प्रसंगासाठी पाकिटात चार नोटा हव्यातच.

तरीही प्रत्येक घरात, विशेषतः स्मार्टफोन न वापरणाऱ्या ज्येष्ठांसाठी, ही सेवा सुरू करून ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. यूपीआय पिन आधी तयार नसेल तर डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि त्याची मुदत विचारली जाते, म्हणून हे काम प्रवासाला निघण्यापूर्वी, कार्ड हाताशी असताना घरीच उरकावे.